त्या रात्री कर्णा वाजला होता

२८ जानेवारी १९८६, मंगळवार. ख्रिस्तसभा त्या दिवशी संत थॉमस अक्वायनस यांचे स्मरण करते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, केनेडी अवकाश केंद्रावर सकाळचे अकरा वाजून अडतीस मिनिटे झाली होती. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. 'चॅलेंजर' हे अवकाशयान सात जणांना घेऊन आकाशात झेपावले आणि ७३ व्या सेकंदाला, सुमारे चौदा किलोमीटर उंचीवर, त्याचे तुकडे झाले. निळ्या आकाशात पांढऱ्या धुराचे दोन फाटे फुटल्याचे ते छायाचित्र आपल्याकडील वर्तमानपत्रांतही आले. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. वडीलधारी माणसे ते छायाचित्र पाहून हळहळली आणि 'देवाची इच्छा, दुसरे काय?' असे म्हणून गप्प झाली.

आज त्या घटनेचा साद्यंत इतिहास वाचल्यावर ते वाक्य आम्हांला खटकते. ते सांत्वनाच्या भावनेने उच्चारले गेले होते यात शंका नाही. परंतु ज्याला आपण देवाची इच्छा म्हणालो, त्याची पूर्वसूचना माणसांनी माणसांना आदल्या रात्री दिली होती. ती सूचना दिली कुणी, ऐकली कुणी आणि ती बाजूला सारली गेली कशी, हे समजून घेणे आपणां ख्रिस्ती कुटुंबांनाही उपयोगाचे आहे असे आम्हांस वाटते.

सात प्रवासी

त्या यानात कमांडर फ्रान्सिस स्कोबी, वैमानिक मायकेल स्मिथ, ज्युडिथ रेझनिक, एलिसन ओनिझुका, रोनाल्ड मॅकनेर, ग्रेगरी जार्विस आणि ख्रिस्ता मॅकॉलिफ असे सात जण होते. ओनिझुका हे हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या कुटुंबातले होते. मॅकनेर हे दक्षिण कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मुलगा म्हणून वंशभेदाचे चटके सोसत मोठे झाले आणि भौतिकशास्त्रज्ञ बनले. ख्रिस्ता मॅकॉलिफ या न्यू हॅम्पशायर राज्यातील कॉन्कर्ड येथील शाळेत समाजशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका होत्या. त्यांचे माध्यमिक शिक्षण मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅमच्या मेरियन हायस्कूल या कॅथलिक शाळेत झाले होते. अवकाशात एखाद्या शिक्षकाला न्यावे अशी योजना निघाली तेव्हा ११,००० हून अधिक अर्ज आले, आणि त्यांतून त्यांची निवड झाली. त्या अवकाशातून मुलांना दोन पाठ देणार होत्या. त्यामुळे अमेरिकेतील कित्येक शाळांतून त्या सकाळी दूरचित्रवाणी संच लावून ठेवले होते. कॉन्कर्डच्या शाळेत तर विद्यार्थी आपल्या बाईंचे कौतुक करण्यासाठीच जमले होते. ज्यांच्यासाठी हा सोहळा मांडला होता, त्या मुलांनीच तो मृत्यू प्रत्यक्ष पाहिला.

सांध्यातील कडी

अवकाशयानाच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचा एकेक प्रचंड अग्निबाण जोडलेला असे. हे अग्निबाण युटा राज्यातील मॉर्टन थायोकोल ही कंपनी तयार करी. इतका मोठा अग्निबाण अखंड वाहून नेणे शक्य नसल्याने त्याचे खंड रेल्वेने फ्लोरिडाला येत आणि तेथे एकमेकांत बसवले जात. प्रत्येक सांध्यात रबरासारख्या पदार्थाच्या दोन गोल कड्या असत. या कड्यांना 'ओ-रिंग' म्हणतात. कडीचा घेर सुमारे साडेतीन मीटर व्यासाचा, परंतु जाडी जेमतेम पाव इंच. अग्निबाण पेटला की आतील दाबाने सांधा किंचित फाकतो. त्या क्षणी कडीने लवचीकपणे फुगून फट बुजवावी आणि आतील तप्त वायूंना बाहेर पडू देऊ नये, अशी ती रचना होती. थंडीत मात्र हा पदार्थ कडक होतो व त्याची फुगण्याची गती मंदावते.

हा दोष एकाएकी उघडकीस आला नव्हता. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये, यानांच्या दुसऱ्याच उड्डाणानंतर, परत आणलेल्या अग्निबाणातील एक कडी वायूंनी खरवडली गेल्याचे दिसले. पुढेही काही उड्डाणांत तसेच झाले. दर वेळी यान सुखरूप परत आले आणि दर वेळी 'एवढे चालते' अशी नोंद पुढे सरकत गेली. जानेवारी १९८५ मधील एका थंड दिवसाच्या उड्डाणानंतर दोन कड्यांच्या मधोमध काळी काजळी आढळली. याचा अर्थ, पहिली कडी ओलांडून वायू आत शिरला होता. सांध्याचे तापमान तेव्हा अंदाजे १२ अंश सेल्सिअस होते.

समाजशास्त्राच्या अभ्यासक डायन वॉन यांनी या प्रकरणावर १९९६ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. विपरीत गोष्ट वारंवार घडून निभावली की ती माणसांना हळूहळू स्वाभाविक वाटू लागते, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश आहे. आपल्या धर्मशिक्षणात लहान पापाच्या सवयीविषयी जे सांगितले जाते, त्याहून हे फार वेगळे नाही. पहिल्या वेळी मन टोचते. दहाव्या वेळी टोचणी बोथट होते. यान सुखरूप परतणे हा दोष नसल्याचा पुरावा नव्हता; परंतु तो तसा मानला गेला.

तरीही काहींचे मन टोचत राहिले. थायोकोलचे अभियंता रॉजर बॉइजोली यांनी जुलै १९८५ मध्ये वरिष्ठांना लेखी कळवले की, हा प्रश्न तातडीने सोडवला नाही तर मोठा अनर्थ होऊन मनुष्यहानी होईल. ऑक्टोबरमध्ये त्यांचे सहकारी बॉब एबलिंग यांनी पाठवलेल्या टिपणाचा पहिलाच शब्द होता : 'मदत!' या कामासाठी नेमलेल्या गटाला कामच करू दिले जात नाही, अशी त्यांची तक्रार होती.

२७ जानेवारीची रात्र

उड्डाण आधीच अनेकदा लांबले होते. २७ जानेवारीस कळले की पुढच्या पहाटे फ्लोरिडात पारा गोठणबिंदूच्या बराच खाली जाणार. एबलिंग यांनी युटात अभियंत्यांची बैठक बोलावली. संध्याकाळी युटा, फ्लोरिडा आणि अलाबामातील मार्शल अवकाश केंद्र अशा तिन्ही ठिकाणची माणसे दूरध्वनीवर एकत्र आली. बॉइजोली व त्यांचे सहकारी आर्नी थॉम्पसन यांनी आकडे व छायाचित्रे मांडली. कंपनीची शिफारस स्पष्ट होती : १२ अंशांहून कमी तापमानात उड्डाण करू नये.

मार्शल केंद्राच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. त्यांपैकी लॅरी मलॉय यांनी, मग आम्ही उड्डाण काय एप्रिलमध्ये करायचे, अशा अर्थाचा त्रस्त प्रश्न केला. तेव्हा थायोकोलच्या लोकांनी आपसांत विचार करण्यासाठी थोडा वेळ मागून घेतला. पाच मिनिटांचा तो विराम सुमारे अर्धा तास लांबला. चौघे वरिष्ठ व्यवस्थापक एकीकडे बोलू लागले. बॉइजोली व थॉम्पसन टेबलापाशी जाऊन पुन्हा एकदा छायाचित्रे दाखवू लागले. परंतु कुणी ऐकत नाही असे पाहून ते मागे सरले. चौघांपैकी बॉब लुंड हे अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख होते व ते अजून कचरत होते. त्यांना जेरल्ड मेसन यांनी सांगितले की, आता अभियंत्याची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची टोपी घाला. लुंड यांनी मत बदलले. उड्डाणास हरकत नाही, असा सही केलेला कागद फॅक्सने रवाना झाला.

त्या कागदावर सही करण्यास एकाने नकार दिला होता. फ्लोरिडात हजर असलेले थायोकोलचे अ‍ॅलन मॅक्डोनल्ड हे ते गृहस्थ. शेवटी सही युटातील त्यांच्या वरिष्ठाने केली.

या प्रसंगी एक गोष्ट उलटी झाली होती, तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस आवश्यक वाटते. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री मात्र यान असुरक्षित आहे हे अभियंत्यांनी निर्विवाद सिद्ध करावे, अशी अपेक्षा होती. संशयाचा फायदा माणसांच्या जिवाला मिळण्याऐवजी वेळापत्रकाला मिळाला. त्याहून गंभीर बाब अशी की, उड्डाणाचा अंतिम निर्णय ज्यांच्या हाती होता त्या अधिकाऱ्यांना या वादाची कल्पनाच देण्यात आली नाही. आणि यानात बसणाऱ्या सात जणांना तर नाहीच नाही.

त्या चर्चेतील व्यवस्थापक दुष्ट होते, असे आम्ही म्हणत नाही. कुणाचाही जीव जावा असे त्यांना वाटत नव्हते. ते घरदार असलेले, कामाला वाहिलेले लोक होते. त्यांच्यावर वेळापत्रकाचा भार होता आणि मोठे ग्राहक दुखावेल ही चिंता होती. म्हणूनच हा इतिहास आपल्याला इतका जवळचा आहे. पिलातही येशूचा द्वेष करत नव्हता. त्याला फक्त त्या दिवशीची अडचण निभावून न्यायची होती.

सकाळी उड्डाणस्थळावर बर्फाच्या सळया लोंबत होत्या. युटात बॉइजोली यांना ते उड्डाण पाहवणार नव्हते. परंतु एबलिंग यांनी आग्रहाने त्यांना दूरचित्रवाणी संचासमोर बसवले. कडी फुटली तर ती पेटतानाच फुटेल, असे दोघांना वाटत होते. यान वर उठले. साठ सेकंद झाले तेव्हा एबलिंग यांनी बॉइजोली यांना सांगितले की, आपण नुकतीच परमेश्वराची आभारप्रार्थना केली. तेरा सेकंदांनंतर सारे संपले.

उजव्या अग्निबाणाच्या खालच्या सांध्यातून यान उठतानाच काळा धूर निघाला होता, हे पुढे चित्रफितींवरून कळले. जळालेल्या इंधनाच्या अवशेषांनी ती फट काही काळ बुजली असावी आणि वरच्या जोरदार वाऱ्याच्या धक्क्यांनी ती पुन्हा उघडली असावी, असे मानले जाते. त्यातून निघालेल्या ज्योतीने मुख्य इंधनटाकी भेदली.

सत्य बोलणारे हात

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग हे उपाध्यक्ष होते. अंतराळवीर सॅली राइड व भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन हे सदस्य होते. सुरुवातीच्या एका बंद बैठकीत अधिकारी आदल्या रात्रीच्या चर्चेबद्दल मोघम बोलत असताना, मागे बसलेल्या अ‍ॅलन मॅक्डोनल्ड यांनी हात वर केला. आम्ही उड्डाण करू नका असे सांगितले होते, हे त्यांनी सर्वांसमक्ष उघड केले. दुसऱ्या दिवशी, ११ फेब्रुवारीस, फाइनमन यांनी कडीचा एक तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला आणि थंडीत तो पूर्ववत उसळत नाही हे सर्वांना दाखवले. थंडी आणि कडी यांच्या संबंधाचा कागद सॅली राइड यांनी आयोगातील एका सहकाऱ्याच्या हाती गुपचूप दिला होता, ही गोष्ट २०१२ साली त्यांच्या मृत्यूनंतर उजेडात आली.

जून १९८६ मध्ये अहवाल आला. त्याने सदोष सांध्यावर बोट ठेवले, तसेच निर्णयाच्या सदोष पद्धतीवरही. या अपघाताची मुळे इतिहासात रुजलेली होती, असे त्याने म्हटले.

सत्य बोलणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. मॅक्डोनल्ड यांना कंपनीने खालच्या कामावर ढकलले. अमेरिकन संसदेच्या सदस्यांनी दडपण आणल्यावर त्यांना पुन्हा स्थान मिळाले, आणि नव्या सुरक्षित सांध्याच्या रचनेचे काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले. २९ सप्टेंबर १९८८ रोजी 'डिस्कव्हरी' यान त्याच सुधारलेल्या अग्निबाणांच्या बळावर उडाले. बॉइजोली यांना सहकाऱ्यांच्या रोषामुळे नोकरी सोडावी लागली. पुढे त्यांनी विद्यापीठांतून व्यावसायिक नीतीवर व्याख्याने दिली. ख्रिस्ताबाईंच्या बदली म्हणून निवडलेल्या शिक्षिका बार्बरा मॉर्गन २००७ साली अवकाशात जाऊन आल्या.

पुन्हा तेच

सुधारलेल्या सांध्याने पुन्हा दगा दिला नाही. सुधारली नाही ती सवय. १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान निघाले तेव्हा इंधनटाकीवरील फेसासारख्या आवरणाचा एक तुकडा सुटून ८२ व्या सेकंदाच्या सुमारास डाव्या पंखावर आदळला. असे तुकडे पूर्वीच्या उड्डाणांतही सुटले होते आणि याने सुखरूप परतली होती. त्यामुळे हा केवळ दुरुस्तीचा प्रश्न मानला गेला. पंखाची छायाचित्रे अवकाशातूनच घ्यावीत अशी अभियंत्यांनी केलेली मागणी मान्य झाली नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान टेक्ससच्या आकाशात विखुरले. सातही जण गेले. त्यांत कर्नालची लेक कल्पना चावला होती. त्या शनिवारी संध्याकाळी आपल्या देशातील घराघरांत पसरलेले दुःख आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. भारताने आपल्या हवामान उपग्रहाला पुढे 'कल्पना-१' असे नाव दिले.

नव्या चौकशी मंडळाला चॅलेंजरचेच पडसाद ऐकू आले. सॅली राइड या दोन्ही चौकशींत सदस्य होत्या. दोन्हींत असलेल्या त्या एकमेव. २०११ च्या जुलैमध्ये १३५ व्या उड्डाणानंतर या यानांची कारकीर्द संपली.

पहारेकऱ्याचा हिशेब

आता बॉब एबलिंग यांच्याकडे परत जाऊ. दुर्घटनेनंतर त्यांनी लवकरच काम सोडले. आदल्या रात्री त्यांनी पत्नीला हे यान फुटणार असे सांगितले होते. पुढची तीस वर्षे हे ओझे त्यांनी वाहिले. घराजवळच्या पक्षी अभयारण्याची पुराने नासाडी झाली होती. ते पुन्हा उभारण्यासाठी ते वर्षानुवर्षे विनामोबदला राबले. २०१६ च्या जानेवारीत, दुर्घटनेला तीस वर्षे झाली त्या दिवशी, अमेरिकन नभोवाणीवर त्यांची मुलाखत प्रसारित झाली. देवाने त्या कामासाठी आपली निवड करायला नको होती, ती देवाची चूक झाली, असे ते एकोणनव्वद वर्षांचे वृद्ध गृहस्थ म्हणाले. आपण आणखी जोराने बोलायला हवे होते, हे शल्य त्यांच्या मनातून गेले नव्हते.

ते ऐकून शेकडो श्रोत्यांनी त्यांना पत्रे लिहिली. मॅक्डोनल्ड यांनी दूरध्वनी केला. त्या रात्री मार्शल केंद्राच्या बाजूने बोलणारे जॉर्ज हार्डी यांनीही, तुम्ही तुमचे कर्तव्य केले होते, निर्णय इतरांनी घेतला, असे त्यांना कळवले. या पत्रांनी आपल्या मनाला स्वस्थता लाभली, असे एबलिंग यांनी सांगितले. २१ मार्च २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. तो पवित्र सप्ताहातील सोमवार होता.

संदेष्टा यहेज्केल याच्या ग्रंथातील तेहेतिसाव्या अध्यायात पहारेकऱ्याची गोष्ट आहे. तलवार येताना पाहूनही जो कर्णा वाजवत नाही, त्याच्याकडे रक्ताचा हिशेब मागितला जाईल. जो वाजवतो तो मुक्त आहे. न ऐकणाऱ्याचे रक्त त्याच्या स्वतःच्या माथी. या वचनाच्या प्रकाशात एबलिंग निर्दोष होते असे आम्ही निःशंकपणे म्हणू. परंतु त्या रात्रीचे दुःख याहून खोल आहे. कर्णा वाजला होता. मात्र ज्यांच्यावर तलवार येणार होती त्यांच्या कानांपर्यंत तो पोहोचू दिला गेला नाही. मध्ये उभी असलेली माणसे त्याचा आवाज हलका करत गेली. पहारेकरी मोकळा झाला, तरी मधल्या माणसांचा हिशेब उरतोच.

आपण बहुतेक जण मधलीच माणसे असतो. सणाच्या मांडवातील उघडी तार, शाळेच्या भिंतीला गेलेला तडा, संस्थेच्या वहीत न जुळणारा आकडा, घरातील मुलाला लागलेले व्यसन : या गोष्टी एकाला नव्हे, अनेकांना ठाऊक असतात. जो बोलतो त्याला आपण 'नसता खोडा घालणारा' ठरवतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या मिस्साविधीत आपण आरंभी विचार, शब्द आणि कृती यांनी केलेल्या पापांबरोबर कर्तव्यात केलेल्या कसुरीचीही कबुली देतो. तरी प्रायश्चित्त संस्काराला येताना आपण सारे, धर्मगुरूही, केलेल्या गोष्टींची यादी करतो. ठाऊक असून न बोललेल्या गोष्टींची यादी क्वचितच होते.

संत थॉमस अक्वायनस यांनी बंधुप्रेमाने चूक दाखवून देण्याला प्रीतीचे कर्तव्य म्हटले आहे, आणि ते कर्तव्य कनिष्ठाने वरिष्ठाशीही, आदर राखून, पाळावे असे शिकवले आहे. सेमिनरीत आम्ही हे शिकलो. शिकणे सोपे होते. धर्मग्रामाच्या सभेत कुणी उठून 'फादर, हे बरोबर होत नाही' असे म्हणतो, तेव्हा आमच्याही मनात आधी त्याचा राग येतो आणि मग वेळापत्रक आठवते. अशा वेळी त्याला आम्ही कोणती टोपी घालायला सांगतो, हे स्वतःला विचारणे आम्हांस भाग आहे.

२०२२ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात एक जुने विमान शोधणाऱ्या पाणबुड्यांना वाळूत गाडलेला एक मोठा तुकडा सापडला. तो चॅलेंजरचा निघाला. २८ जानेवारीची मिस्सा अर्पण करताना संत थॉमस यांच्या नावाबरोबर आम्ही त्या सात जणांची नावे घेतो. त्यांच्यासोबत एबलिंग यांचे नाव घेतो, आणि ज्यांनी त्या रात्री मत बदलले त्यांचेही. देवाची इच्छा काय होती, हे त्या रात्री एका अभियंत्याच्या टोचणाऱ्या मनातून ऐकू येत होते. ते ऐकण्याचे काम माणसांवर सोपवलेले होते. ते आजही आपल्यावर सोपवलेले आहे.